बांधाचा निबंध

ऐप्पसी महिना लागला की आमच्या तंजावुरात दोन गोष्टी वेळेवर तयार होत नाहीत: दोरीवरचे कपडे आणि मुलांचे निबंध. महाराष्ट्रातला पाऊस आवरतं घेतो तेव्हा आमचा खरा पाऊस सुरू होतो. तो समुद्राकडून येतो, दिवाळीच्या आगेमागे, आणि मार्गळीची थंडी पडेपर्यंत अधूनमधून ठाण मांडून बसतो. परदेशी विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्यांच्या मुदतीही नेमक्या याच दिवसांत येतात. कुणी ठरवून केलं नसेल, पण माझ्या डोक्यात आता दोन्ही एकच झालं आहे. ढग आले की मी चष्मा शोधते.

मी इथल्या मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत असे. नोकरी सोडली, तरी मुलं येतातच. पूर्वी भिजलेल्या पिशवीतून कागद काढायची, आता फोनवर पाठवतात. आज सकाळीच एकाचा निबंध आला. पहिलं वाक्य, ‘लहानपणापासूनच मला विज्ञानाची विलक्षण ओढ होती.’ मी ते खोडलं आणि त्याला फोन केला.

“तुझं लहानपण त्यांना नकोय. गेल्या महिन्यात काय केलंस ते सांग.”

“गेल्या महिन्यात काही विशेष नाही केलं, मॅडम.”

“मग जे साधं केलंस ते सांग. कुणाबरोबर केलंस, काय बिघडलं, तू कुठे उभा होतास. ओढ वगैरे त्यांची ते ठरवतील.”

पलीकडून पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज. मग विचारतो, “मॅडम, तिसऱ्या प्रश्नाला काय लिहू?”

तो तिसरा प्रश्न बहुतेक अर्जांत कुठल्या ना कुठल्या रूपात असतोच. तुमचा एखादा चुकलेला निर्णय सांगा, आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत ते लिहा. दर पावसात हा प्रश्न आला की मी खुर्चीवरून उठते. उगाच गॅसपाशी जाते, कॉफीचं फिल्टर उघडून बघते, परत येते. मला मंजूचा पाऊस आठवतो.

मंजू माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची मुलगी. अक्का राजवाड्यामागच्या गल्लीत राहते, मी तिच्यापासून दोन गल्ल्या सोडून. भावोजी गेल्यापासून अक्काच्या घरातली प्रत्येक गोष्ट आमच्या अण्णाला विचारून होते. अण्णा आमचा भाऊ, दोघींपेक्षा मोठा. तिरुवैयारुला असतो, घरची शेती बघतो. मंजू सिव्हिल इंजिनियर झाली, तिरुचीला एका कंत्राटदाराकडे लागली, आणि तिच्या डोक्यात हॉलंडला जाऊन पाण्याचं शिक्षण घ्यायचं बसलं. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच जाता येणार होतं. अक्कानं तिला एकच पाऊस दिला होता. “या वर्षी झालं तर झालं. नाही तर तिरुचीची नोकरी कर आणि मी सांगते तो मुलगा बघ. दर वर्षी जीव टांगणीला लावणं मला नको.”

आमच्या घराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. आम्ही वाईट शब्द घरात येऊ देत नाही. दिवा विझवत नाही, वाढवतो. निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. इतपत तुमच्याकडेही असेल. पण आम्ही पिढ्यानपिढ्या इथे राहिलेले मराठी, त्यामुळे आमच्यात मराठी आणि तमिळ दोन्हीकडची बंधनं एकत्र झाली आहेत. वाण्याच्या यादीच्या माथ्यावरही आधी गणपतीची वेटोळी खूण काढायची आणि त्या खुणेखाली अशुभ काही लिहायचं नाही. नवा कागद आला, पत्रिका आली, मार्कशीट आली की चारी कोपऱ्यांना हळद. मंजूच्या सगळ्या मार्कशीटांचे कोपरे पिवळे आहेत. त्या स्कॅन करताना मला वाटलं, तिथल्या कचेरीत कुणी तरी विचारील, ही कागदाला कसली बुरशी आली आहे.

अशा घरातल्या मुलीला विचारतात, तुझा चुकलेला निर्णय सांग.

तिचं पहिलं उत्तर असं होतं: ‘मी कामात इतकी बुडून जाते की स्वतःकडे लक्ष देत नाही, ही माझी चूक मला उशिरा समजली.’ अक्कानं ते तिच्याकडून मराठीत करवून ऐकलं होतं. तिला फार आवडलं. “बघ, खरं पण आहे आणि कुणाला कमीपणा पण नाही.”

“अक्का, हे नोकरीच्या जाहिरातीसारखं आहे,” मी म्हणाले.

“मग? नोकरी वाईट असते का?”

मी मंजूला दुपारी माझ्याकडे बोलावलं. कपडे वाळत नव्हते म्हणून मी इस्त्री करून ते वाळवत होते. ओल्या सुती कापडाची वाफ, जरा करपल्यासारखा वास, बाहेर गटार भरून वाहतंय. ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती आणि एका पायानं दुसऱ्या पायातलं पैंजण ढकलत होती. मंजूला आमची मराठी सगळी कळते, बोलताना मात्र अर्ध्यात तमिळ येतं. इथे तिचं आणि इतरांचं बोलणं मी थोडं तुमच्या वळणाचं करून लिहिते आहे. देवनागरी तिला वाचता येत नाही, अण्णालाही नाही. मला येते ती लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. तेव्हा हे दोघंही हा लेख वाचणार नाहीत. त्यामुळे लिहिताना बरं वाटतं आहे.

“तुझ्या आयुष्यात काहीच चुकलं नाही?” मी विचारलं.

“चुकलं.”

“मग ते लिही.”

“ते लिहिता येत नाही.”

“का? कुणाचा खून केलास?”

ती हसली नाही. “मावशी, मामाचा बांध मी काढायला लावला.”

मी इस्त्री उभी केली.

आदल्या वर्षी अण्णाच्या खालच्या शेतातलं भात कुजलं होतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. अण्णानं सांगितलं होतं, पाऊस फार झाला, त्याला कोण काय करणार. मीही तेच ऐकलं आणि तेच चार लोकांना सांगितलं. खरं असं होतं की त्या उन्हाळ्यात मंजू मोजणीचं यंत्र घेऊन शेतावर गेली होती. दोन तुकड्यांची उंची मोजली, ती जवळपास सारखी निघाली. मग तिनं मामाला पटवलं की मधला बांध काढा, एकच मोठं शेत होईल, लावणीचं यंत्र सरळ फिरेल. अण्णानं गावभर कौतुक सांगत बांध काढला. ऐप्पसीत वरचं सगळं पाणी उतरून खाली आलं आणि तिथेच बसलं. निचऱ्याच्या चरात जलपर्णी माजलेली, पाण्याला जायला वाट नाही. कोरड्या जमिनीवर मोजलेली उंची बरोबर होती. ओल्या दिवसांत पाणी कुठे जातं, हे तिनं विचारलंच नव्हतं.

“मामांनी कुणालाच सांगितलं नाही,” ती म्हणाली. “मला एक शब्द बोलले नाहीत. जेवायला वाढलं, परत येताना केळीचा घड दिला.”

“आणि तू काय केलंस नंतर?”

ती परत पैंजण ढकलायला लागली. त्या केळीच्या घडाच्या दिवसापासून ती तिरुवैयारुला गेलीच नव्हती.

मी सांगितलं, हेच लिहायचं. मला त्यात उदात्त वगैरे काही वाटलं नाही. इतकी वर्षं निबंध वाचून एक कळलं आहे. निवड समितीतल्या माणसांना मूल पडताना आणि उठताना बघायचं असतं. आपल्याला मूल पडलंच नव्हतं हे दाखवायचं असतं. या दोन्हींत कोण शहाणं, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. आपल्या मुलांना त्या एका कागदापुरतं दुसऱ्या घरच्या रीतीनं बोलावं लागतं, एवढं खरं. काही जणांना त्याचा नंतर नादच लागतो. जखम नसेल तर ती करून घेतात. असेही निबंध मी वाचले आहेत आणि परत पाठवले आहेत.

कार्तिगैच्या दिव्यांच्या दिवशी अण्णा बसनं आला. हातात लाह्यांची पिशवी, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. अक्काच्या उंबऱ्यावर पणत्या मांडल्या होत्या, वारा एकेक विझवत होता, आणि अक्का न कंटाळता परत लावत होती. मी सरळ विषय काढला. आडून बोलायला मला जमत नाही.

अक्का एकदम म्हणाली, “अय्यो, आजच्या दिवशी? दिवे लावलेत गे दारात!”

“मुदत दिवे बघून थांबत नाही, अक्का.”

“गणपतीची खूण काढून खाली लिहायचं, मी मामाचं शेत बुडवलं? कोण देईल असल्या मुलीला?”

“कोण देईल, शिष्यवृत्ती की मुलगा?” मी विचारलं.

“दोन्ही!”

अण्णा टॉवेलनं डोकं पुसत होता. जरा विचार करून म्हणाला, “लिहायचं असेल तर लिहू दे. पण असं लिही, पोरी. मामाला मी नको म्हटलं होतं, त्यानं ऐकलं नाही, बांध काढला. म्हातारा हट्टी आहे म्हण. माझं काय जातंय? मी थोडाच हॉलंडला अर्ज करतोय!”

अक्काचा चेहरा उजळला. “हे बरं! अण्णा, तुम्ही खरंच हट्टी आहात, खोटं पण नाही होणार.”

दोघंही खूश झाली. मला हसू आवरेना. आमच्या माणसांशिवाय ही तोड कुणाला सुचली नसती. पोरीची चूक घरातल्या वडीलधाऱ्यानं अंगावर घ्यायची, म्हणजे सगळं ठीक. निबंधाचा त्यात जीव जातो, हे त्यांना कोण सांगणार.

मंजू उठून उभी राहिली. घरात मोठ्यांसमोर ती आवाज चढवत नसे, त्या दिवशी चढवला.

“मामा, पुरे! माझी फी तुम्ही भरलीत, कॉलेज तुम्ही ठरवलंत, स्थळं अम्मा ठरवते, इंग्रजी मावशी सुधारते. ही एकच गोष्ट मी एकटीनं केली होती. ती तरी माझी असू द्या.”

दारातली एक पणती विझली आणि अक्का जागची हलली नाही.

अण्णानं टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला. “बरं. तुझी तर तुझी,” तो म्हणाला. “मग पुढे काय केलंस, ते लिहिलंस का?”

तिनं नाही म्हणून मान हलवली. त्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचं उत्तर कोरं होतं, ते मीही पाहिलं होतं. तिथे काही तरी घालू, असं मी मनात धरलं होतं. माझ्याकडे अशा जागी बसणारी वाक्यं भरपूर आहेत. ‘या अनुभवानं मला नम्रता शिकवली’ वगैरे. अण्णाच्या प्रश्नानंतर ती तिथे घालायला मी धजेना.

“उद्या शेतावर ये,” अण्णा म्हणाला. “पाणी आहे अजून.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं टाऊन बसनं निघालो. एकामागून एक पूल. प्रत्येक नदी गढूळ, काठोकाठ, वर केळीची खोडं आणि कुणाची तरी प्लास्टिकची घागर वाहून चाललेली. मंजू खिडकीशी बसली होती आणि काचेला गाल लावून खालचं पाणी बघत होती. मला बसमध्ये तिला पन्नास गोष्टी सांगायच्या होत्या. मुदत, शब्दमर्यादा, शिफारसपत्र. मी सांगितल्या नाहीत. मला ते अवघड गेलं.

शेतावर जाऊन बघतो तर खालचा तुकडा रिकामा. वर भात हिरवं, खाली नुसतं पाणी, त्यात दोन बगळे. बांध नव्हताच.

“परत घातला नाहीत?” मी विचारलं.

“जिथे होता तिथेच घातला असता तर हिनं मोजलं कशाला?” अण्णा म्हणाला. “आणि दुसरीकडे घालायचा तर मला काय कळतंय. येईल म्हटलं कधी तरी. आली नाही, म्हणून खाली लावलंच नाही या वर्षी.”

हे त्यानं पान खाता खाता सांगितलं. तक्रार नव्हती. मंजूनं चपला काढल्या, सलवार गुडघ्यावर दुमडली आणि पाण्यात उतरली. बांबूच्या काठ्या अण्णाच्या गोठ्यात होत्या. अक्काची जुनी लाल साडी मी पाय पुसायला नेली होती, ती फाडून तिनं चिंध्या केल्या. पाणी जिथून आत येतं तिथे एक काठी, जिथे थांबतं तिथे एक, चराच्या तोंडाशी एक. पाण्याच्या पातळीला चिंधी बांधायची, पुढच्या सरीनंतर परत येऊन बघायची. भुरभुर चालूच होती. अण्णा काठावरून छत्री धरून ओरडत होता, “तिकडे खड्डा आहे गे! तिकडे नको! अगे, सांगतोय ना!” आणि ती बरोबर तिकडेच जात होती. तिसऱ्यांदा ती कमरेपर्यंत आत गेली तेव्हा अण्णा म्हणाला, “हॉलंडमध्ये पण असंच करणार का ही? तिथले लोक समुद्र परत बोलावून घेतील.”

पाण्यातून हसण्याचा आवाज आला. त्या पावसात मी तिचं हसणं ऐकलं ते पहिल्यांदाच.

पुढचे काही दिवस ती रजा काढून रोज जात होती. निबंधाचा शेवट तिनं स्वतः लिहिला. मी फक्त दोन विशेषणं काढली. त्यात लिहिलं होतं: ‘चूक अजून दुरुस्त झालेली नाही. वर्षभर मी तिथे फिरकले नाही. आता पाणी कुठे थांबतं ते बघते आहे. उन्हाळा आल्यावर बांध घालीन.’ बस्स.

मी ते अण्णाला मराठीत वाचून दाखवलं. तो म्हणाला, “एवढंच? एवढ्यावर बोलावतील?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं. अपुरं ठेवलेलं काम शेवटच्या ओळीत लिहू नये, असं मी स्वतःच मुलांना सांगत असे.

अर्ज पाठवायच्या दुपारी दोनदा वीज गेली. अक्का देवघरातून वाटी घेऊन आली. “कागद कुठे आहे?”

“कागद नाही, अक्का. सगळं यातच आहे.”

तिनं लॅपटॉपकडे जरा वेळ बघितलं, आणि चारी कोपऱ्यांना हळदीची बोटं टेकवली. एक कोपरा नेमका आतल्या पंख्याच्या जाळीवर आला. मंजूनं बटण दाबलं.

मुलाखतीत त्यांनी तिला गुणांबद्दल काही विचारलं नाही. काठ्यांबद्दल विचारत राहिले. पंगुनीत, म्हणजे तुमच्या पाडव्याच्या आगेमागे, होकार आला. अक्का आधी रडली आणि मग सगळ्या गल्लीला सांगून आली की तिला पहिल्यापासून खात्री होती. त्या उन्हाळ्यात जमीन तडकल्यावर मंजूनं बांध घातला. जुन्या जागी नाही, काठ्यांच्या खुणांवरून, तिरका. चर साफ करून त्यात एक पाइप बसवला. गावातला एक जण म्हणाला, “काय राव, बांध वाकडा झाला?” अण्णा म्हणाला, “काय करणार, गडी वाकडा मिळाला.” भाचीचं नाव त्यानं तेव्हाही घेतलं नाही. चांगल्यालाही दृष्ट लागते, वाइटालाही.

आता ती तिथे आहे. फोनवर दिसते तेव्हा मागे सपाट करडं आकाश असतं. लॅपटॉपचे कोपरे अजून पिवळे आहेत, असं म्हणते. तिथे पाऊस मोजून पडतो, असंही म्हणते.

इथे तो मोजून पडत नाही. परवापासून समुद्रात वादळ घोंगावतं आहे, शाळांना सुट्टी दिली आहे. आज सकाळपासून मंजूचे निरोप येत आहेत. मावशी, तिरुवैयारुला किती झाला? मावशी, मामा फोन उचलत नाहीत. मावशी, तुम्ही बघा ना. मी त्या मुलाचा तिसरा प्रश्न बाजूला ठेवला आणि अण्णाला फोन लावत बसले. वाजतो आणि बंद होतो. मी उठते, दोरीवरचे कपडे चाचपते, ओलेच असतात, परत बसते. एक बांध चालतो की नाही, याची वाट बघत दोन देशांत दोन बायका अस्वस्थ. निबंधात हे कुठे बसतं, कुणास ठाऊक. त्यांच्या प्रश्नाला शब्दमर्यादा असते.

जेवणाच्या वेळी अण्णाचाच फोन आला. शेतावर होता, फोन घरी चार्जिंगला. आवाजात धाप.

“पाणी?” मी विचारलं.

“पाइपातून चाललंय. जोरात चाललंय. पण एक कोपरा बुडाला.”

“कितपत?”

“तेवढा गेलाच म्हण.”

मला वाटलं, आता तो म्हणेल, तिला सांगू नको, परक्या मुलखात पोर काळजी करेल. आयुष्यभर तो हेच म्हणत आला आहे. माझी नोकरी, अक्काचं दुखणं, सगळ्यात.

“तिला सांग,” अण्णा म्हणाला. “आहे तसं सांग. नाही तर तिला पुढचं कसं कळणार?”

मी फोन ठेवला आणि निरोप टाइप केला, सगळं ठीक आहे. हाताला सवय. मग ते पुसलं आणि लिहिलं, पाणी जातंय, पण एक कोपरा बुडाला.

तिचं उत्तर लगेच आलं.

“कुठला?”